लाल शाईआधी एक शिफ्ट

तीनबोटे साहेबांनी मला कधी कुठली वस्तू हातात दिली नाही. फाईल असो, स्टेपलर असो, नाही तर किल्ल्यांचा जुडगा असो, ते फेकायचे. झेलली तर ठीक, नाही तर आपलं कपाळ आणि आपलं नशीब. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी एक जाडजूड फाईल माझ्या डाव्या खांद्यावर आदळली आणि मागोमाग आवाज आला, "पगारे ना तू? तिसरं पान उघड आणि सांग, हा कारखाना कुठं मरतोय." मी खांदा चोळत तिसरं पान उघडलं. नुसते आकडे होते. मला त्यात कोणी मरताना दिसत नव्हतं, आणि मी तसं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "दिसेल. खांदा दुखायचा थांबेपर्यंत बघत बस."

आमचा कारखाना नाशिकरोड ओलांडून सिन्नरच्या वाटेला लागलं की शेतांच्या मध्येच उभा होता. पत्रा कापायचा, प्रेसखाली ठोकायचा आणि गाड्यांसाठी बिजागऱ्या, पट्ट्या, क्लॅम्प बनवायचे, हे तिथलं काम. साहेब कॉस्टिंगचे, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचे, प्रमुख. त्यांच्या हाताखाली आम्ही दोन ट्रेनी, मी आणि सायखेड्याचा किरण कदम. नियोजन, संघटन, नियंत्रण वगैरे शब्द आम्ही कॉलेजात इतके घोकले होते की झोपेत विचारलं तरी व्याख्या सांगितली असती. साहेबांनी व्याख्या कधी विचारलीच नाही. मार खाल्ल्याशिवाय विद्या चढत नाही असं मानणाऱ्यांतले ते बहुधा शेवटचे गुरू असावेत.

त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. उरलेल्या तीन बोटांनी ते लिहायचे, फेकायचे आणि टेबलावर थाप मारायचे. ती थाप तीन खोल्यांपलीकडे ऐकू यायची. कामगारांनी पाठीमागे ठेवलेलं नाव हळूहळू पुढे आलं आणि तेच रूढ झालं. मला तर ते आडनावच वाटलं होतं. पहिला रजेचा अर्ज मी 'माननीय श्री. तीनबोटे साहेब' असाच लिहिला. त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि खाली सही करून माझ्या अंगावर फेकला. खरं आडनाव मला पुढे पगाराच्या यादीत सापडलं. ते इथे सांगून उपयोग नाही, त्या नावानं त्यांना कोणी ओळखणार नाही.

बोटांची हकिगत त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, आणि तीही चिडून. किरणनं विचारलं होतं की मशीन बंद असण्याची कारणं एवढी बारकाईनं कशाला लिहायची. साहेबांनी ड्रॉवर ओढला, त्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला. एकोणीस वर्षांचे असताना ते एका जुन्या कारखान्यात पायानं चालवायच्या प्रेसवर होते. तिथं बोटं गेली. हात बरा झाल्यावर ते रात्रशाळेसारखं संध्याकाळचं कॉलेज करून हिशेब शिकले, आणि पहिली गोष्ट कोणती केली तर त्या कारखान्यात ओळख काढून त्या दिवसाचा कागद शोधला. त्यावर लिहिलं होतं, 'मशीन बंद, चाळीस मिनिटं, कारण: सफाई.' साहेब म्हणाले, "माझं रक्त पुसायला चाळीस मिनिटं लागली. माझी बोटं सफाईत गेली, कदम. आता कळलं का, कारण नीट कशाला लिहायचं?"

त्यांचं शिकवणं असं होतं. एकदा किरण पाऊण तास उशिरा आला. सायखेड्याहून येताना बस पंक्चर झाली होती. साहेबांनी त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही, सणकन कानाखाली वाजवली. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहून म्हणाले, "साहेब, हे बरोबर नाही." ते शांतपणे माझ्याकडे वळले. "का नाही?" किरणच रडवेल्या आवाजात म्हणाला, "बस माझ्या हातात नव्हती." साहेबांनी टेबलावर थाप मारली. "आणि दर सोमवारी सुपरवायझरच्या विभागापुढं 'मागे' असं तू लिहितोस ना? पत्रा खरेदीवाल्यानं आणला. माणसं ठेकेदारानं पाठवली. लाइट गेली ती वरून गेली. आणि कानाखाली कोणाच्या? सुपरवायझरच्या. ज्याच्या हातात जे नाही, त्याचा जाब त्याला विचारायचा नाही. लिहून घ्या दोघांनी." मग त्याला गेटासमोरच्या टपरीवर नेऊन दोन प्लेट मिसळ खाऊ घातली. ती थोबाडीत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. धडा मात्र मला पाठ झाला, असं मी समजत होते.

स्टोअरच्या कोपऱ्यात एक डाय पडलेली होती. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. तिच्यावर इतका खर्च झाला होता की ती टाकायला कोणी धजत नव्हतं, आणि तिच्यातून निघालेला निम्मा माल भंगारात गेला होता. तीन महिने दर बैठकीत तिची चर्चा व्हायची. चौथ्या महिन्यात साहेब बैठकीतून उठले, मेंटेनन्समधून घण उचलला आणि सगळ्यांच्या देखत त्या डायवर घातला. एक, दोन, तीन, चार. कडांचे तुकडे उडाले, एक तुकडा मॅनेजरच्या बुटापाशी येऊन पडला. घामानं भिजलेले साहेब परत खुर्चीत येऊन बसले. "जे गेलं ते गेलं होतं. आता पुढचं बोला." त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी फाईलला लावली आणि आम्हाला उदाहरण म्हणून वाचायला दिली, म्हणजे फेकली.

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला नाशिकच्या द्वारका चौकात नेलं. सहाची वेळ, चौक तुंबलेला. दुभाजकावर उभं करून म्हणाले, "नाशिकरोडकडून किती गाड्या येतात ते कदम मोजेल, पुढं किती सुटतात ते पगारे मोजेल." आम्ही धुरात खोकत मोजलं. कितीही आल्या तरी सुटायच्या तेवढ्याच. "आता मागच्यांनी जोरात हाकली तर?" मी म्हणाले, "गर्दी वाढेल, दुसरं काही नाही." साहेब खूश झाले. "हे नाशिकचं नरडं. प्रत्येक कारखान्याला असं एक नरडं असतं. ते आधी शोधायचं. ते सोडून बाकी सगळ्यांच्या पाठीवर आसूड ओढलास तर नुसता ढीग साचतो आणि माणसं मरतात." तेवढ्यात एक टेम्पो त्यांच्या पायाला चाटून गेला आणि वर ड्रायव्हरनं आईवरून शिवी दिली. साहेबांनी त्याला कॉलर धरून खाली ओढला. त्यानं डोकं मारून साहेबांचं नाक फोडलं. मागचे भोंगे वाजवायला लागले, हवालदार धावत आला, आणि किरणनं कशीबशी सोडवासोडव केली. नाकाला रुमाल लावून परत येताना साहेब म्हणाले, "नरड्यात उभं राहून भांडायचं नाही, हे पण लिहून घ्या."

एवढ्या सगळ्या आदळआपटीत त्यांचा एकच नियम असा होता, जो सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. लाल शाईनं कोणाचं काम मागे आहे असं लिहायचं झालं, तर आधी त्याच्या मशीनपाशी अख्खी एक शिफ्ट उभं राहायचं. बसायचं नाही. बोलायचं नाही. डबा त्याच्याबरोबर खायचा. आणि इतकं करूनही लिहायचं विभागाचं नाव, माणसाचं नाही. मी अशा अकरा शिफ्ट उभी राहिले. पाय सुजायचे, पण दर वेळी काहीतरी असं कळायचं जे कागदावर नसायचं.

बाराव्या वेळी मी उभी राहिले नाही. साहेब चार दिवस कळवणला लग्नासाठी गेले होते. दर सोमवारी गेटाच्या आत काचेच्या फळ्यावर आठवड्याचा तक्ता लागायचा, आणि या खेपेला तो लावायचा मान माझ्याकडे होता. प्रेस नंबर सहा तासाला बारा मिनिटं मागे पडत होतं. तिथला सुपरवायझर खंडू, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले, तक्ता पाहिला आणि म्हणाले, "नाव टाका, पगारे. विभागाला कोण घाबरतं? नावाशिवाय धडकी भरत नाही." मला 'नाही' म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. कारखान्यातल्या, वयानं एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मी लिहिणार आणि सगळे ते थांबून वाचणार. मी लाल शाईनं ठळक लिहिलं, 'खंडू: तासाला बारा मिनिटं मागे.' त्याच तक्त्यात खाली हिरव्या शाईत खरेदी विभागाचं कौतुक होतं. त्यांनी या महिन्यात पत्रा स्वस्तात आणला होता.

सहा नंबरवर एक शिफ्ट उभी राहिले असते तर मला तासाभरात कळलं असतं. तो स्वस्त पत्रा कुठे जाड, कुठे पातळ होता. दर ठोक्याला तुकडा डायमध्ये अडकायचा आणि काडीनं उचकटून काढावा लागायचा. बारा मिनिटं त्यात जात होती. खंडूच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. टाळ्या खरेदीला आणि लाल शाई खंडूला, हा हिशेब मी केला.

खंडूनं तो तक्ता सोमवारी वाचला, मंगळवारी वाचला. बुधवारी त्यानं सागाची एक पाचर आणली. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेरच राहतात. डाव्या बटणात पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग उजव्या हातानं ठोका मारायचा आणि तेवढ्यात डाव्या हातानं अडकलेला तुकडा काढायचा. बारा मिनिटं भरून निघतात. बहुतेक प्रेस शॉपमध्ये ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणीच ती बोलून दाखवत नाही.

गुरुवारी सकाळी साहेब परतले आणि मागच्या दारानं थेट स्टोअरमध्ये गेले. तक्ता त्यांनी पाहिला नव्हता. अकराच्या सुमाराला मी टेबलावर होते. प्रेस शॉपचा धाड धाड आवाज दिवसभर कानात असतो, त्यामुळे तो ऐकू येत नाही. तो थांबला तेव्हा ऐकू आला. मग किंकाळी आली.

सहा नंबरवर यमुना होती. पेठ तालुक्यातली, ठेकेदाराकडून आलेली, विशीतली बाई. ती प्रेसला टेकून जमिनीवर बसली होती आणि डावा हात मांडीवर असा धरला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मधली तीन बोटं नव्हती. रक्त तिच्या साडीवरून खालच्या पत्र्यांवर थेंबाथेंबानं पडत होतं. ती ओरडायची थांबली होती आणि नुसती माझ्याकडे बघत होती. साहेब माझ्या आधी पोचले होते. त्यांनी रुमाल दाबून तिचा हात वर धरला आणि ओरडले, "कदम, बोटं काढ. पगारे, कँटीनमधून बर्फ. बोटं ओल्या फडक्यात, मग पिशवीत, मग बर्फावर. नुसत्या बर्फाला लावू नका." किरणनं डायमधून ती काढली. साहेब पुटपुटले, "माझी कोणी उचलली नव्हती."

गाडी पुढे आणायला माणूस धावला. मी बर्फाचा डबा घेऊन परतले तेव्हा साहेबांना पाचर दिसली होती. त्यांनी यमुनाचा हात किरणकडे दिला आणि खंडूवर झेपावले. पहिला फटका तोंडावर, दुसरा पोटात. खंडू खाली पडला तर त्याला उचलून परत मारलं. कामगार गोल उभे होते, कोणी मध्ये पडेना. खंडूनं हात वर केले नाहीत. त्याचा ओठ फाटला होता. तो म्हणाला, "मारा साहेब, लय मारा. पण गेटावर माझं नाव लाल शाईनं कुणी लिवलं, ते बी इचारा."

साहेबांचा हात तिथेच थांबला. त्यांनी मान वळवली. मी म्हणाले, "मी लिहिलं, साहेब."

"उभी राहिली होतीस?"

"नाही."

मला वाटलं आता माझी पाळी. ती आली असती तर फार बरं झालं असतं. ते मला ओलांडून गेटाकडे चालू लागले. जाता जाता त्यांनी मुठीनं फळ्याची काच फोडली, तक्ता ओरबाडून काढला आणि तशाच रक्ताळलेल्या हातानं गाडीत येऊन बसले.

हातावर शस्त्रक्रिया करणारं हॉस्पिटल द्वारकेच्या पलीकडे होतं. मागच्या सीटवर यमुना माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि डबा माझ्या मांडीवर होता. ती हळूच म्हणाली, "ताई, महिन्यानं घरी भाताची लावणी हाय. हात चालंल ना?" मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मांडी गार पडत होती. द्वारकेला गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा. साहेब दार उघडून उतरले. मोजायला नाही, या वेळी फोडायला. एका हातानं बोनेटवर थापा मारत, दुसऱ्या हातानं लोकांच्या कॉलरी ओढत ते पुढे सरकत होते. एका रिक्षावाल्यानं ढकललं तर त्यांनी त्याच्या आरशावर ठोसा मारला. रक्तबंबाळ हाताचा तो म्हातारा बघून लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण वाट झाली. नरड्यात उभं राहून भांडायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच मोडला.

डॉक्टरांना एक बोट जोडता आलं. तर्जनी. बाकीची दोन चिरडलेली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब कँटीनमध्ये खंडूच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. खंडूचा चेहरा सुजला होता. साहेब म्हणाले, "मार." खंडूनं मान वर केली आणि म्हणाला, "साहेब, बसा. भाजी गार व्हायलीये." साहेब बसले. दोघं एका डब्यात जेवले.

त्याच दुपारी मॅनेजरनं मला बोलावलं. टेबलावर सहा नंबरची नोंदवही उघडी होती. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, उजव्या हाताला पट्टी. मॅनेजर म्हणाले, "दोन तास दहा मिनिटं मशीन बंद. कारण लिहा, सफाई. आणि सही करा. बाई ठेकेदाराची आहे, तो तिला गावी पोचवेल." मला समजत होतं याचा अर्थ काय. नोंद नाही म्हणजे अपघात नाही. अपघात नाही म्हणजे यमुनाचा हात आमच्याकडे गेलाच नाही. ती पेठला परत गेली असती आणि तिची दोन बोटं सफाईत गेली असती. आणि नोंद खरी केली तर त्यात पहिलं नाव माझं येणार होतं. घरात मी पहिली अशी नोकरी करणारी. वडिलांनी कारकुनीत जन्म काढून मला इथवर आणलं होतं.

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी ओरडावं, थाप मारावी, काहीतरी फेकून मारावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "ही बस नाही, पगारे. हा कागद तुझ्या हातातला आहे."

मी लिहिलं. सहा नंबर बंद, दोन तास दहा मिनिटं. पत्रा सारखा नव्हता, तुकडे डायमध्ये अडकत होते. सुपरवायझरचं नाव मशीनपाशी उभं न राहता लाल शाईत लावलं, लावणारी मी. त्यानंतर डाव्या बटणात पाचर. यमुनाची डाव्या हाताची तीन बोटं तुटली. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मॅनेजरनं वाचलं आणि पान फाडायला हात घातला. साहेब खुर्चीतून केव्हा उठले ते मला कळलंच नाही. पट्टीतून बाहेर आलेल्या त्या तीन बोटांनी त्यांनी मॅनेजरचं मनगट धरलं आणि आवळत गेले. मॅनेजरच्या तोंडून आवाज निघाला, वही सुटली. पट्टीवर ताजं रक्त उमटलं होतं. साहेबांनी डाव्या हातानं माझ्या सहीखाली वेडीवाकडी सही केली.

त्या पानामुळे सरकारी तपासणी झाली. यमुनाला भरपाई मिळाली आणि स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. मला ट्रेनिंग संपल्याचं पत्र मुदतीच्या तीन महिने आधीच मिळालं, म्हणजे नारळ. साहेबांना मॅनेजरवर हात टाकला म्हणून घरी बसवलं. आम्ही दोघं एकाच दिवशी गेटाबाहेर पडलो. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वॉचमनच्या अंगावर फेकला आणि खिशातून स्टॉपवॉच काढून माझ्या दिशेनं भिरकावलं. त्यांनी फेकलेलं काही मी पहिल्यांदाच झेललं. "बरं शिकलीस," म्हणाले आणि मागे न बघता रिक्षात बसले.

आता मी अंबडला एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. माझ्या हाताखाली चार ट्रेनी आहेत. मी त्यांना मारत नाही, फेकत तर मुळीच नाही, आणि त्यांना वाटतं की मॅडम फार समजूतदार आहेत. मागच्या वर्षी कळलं की साहेबांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. जेलरोडला त्यांच्या घरी गेले. साहेबांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं आणि म्हणाल्या, "तुझ्यावर फेकायला आता त्यांच्याच्यानं काही उचलवत नाही गं. बस निवांत." साहेब खिडकीशी खुर्चीत होते. तीन बोटांचा तो हात मांडीवर पडला होता. मला रडू आलं, पण त्यांना ते चाललं नसतं, म्हणून मी बॅगेतून माझा नवा रिपोर्ट काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

त्यांनी डाव्या हातानं पानं उलटली. चौथ्या पानावर थांबले. तिथं लाल शाईत एक नाव होतं, आमच्या बारा नंबरच्या प्रेसवरच्या माणसाचं. वेळ नव्हता, महिनाअखेर होती, आणि आकडे अगदी स्वच्छ होते. वर्षं गेली, हुद्दा आला, आणि मी परत तेच केलं होतं. साहेबांनी रिपोर्ट माझ्यावर फेकायचा प्रयत्न केला. तो त्यांच्याच पायाशी पडला. जड जिभेनं त्यांनी दोनच शब्द विचारले, "उभी राहिलीस?"

मी रिपोर्ट उचलला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बारा नंबरपाशी जाऊन उभी राहिले. बसले नाही, बोलले नाही. तो माणूस आधी बुजला, मग मला विसरला. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं खिशात हात घातला, एक लाकडी पाचर काढली आणि सवयीनं डाव्या बटणात बसवली. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. पाचर काढून घेतली, प्रेस बंद केलं आणि नोंदवहीत कारण लिहिलं. ते खरं लिहिलं आणि खाली माझी सही केली.

त्या संध्याकाळी मी ती पाचर घेऊन जेलरोडला गेले आणि साहेबांच्या डाव्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्यांनी हात मागे नेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ती माझ्यावर फेकली. डाव्या खांद्यावर बसली. चांगलीच लागली.